वाचनाचे अध्यापन आणि अध्यापकाचे अध्ययन : एक चिकित्सा

१

पुण्याहून मुंबईच्या रस्त्याने निघालेल्या प्रवाशाला मुळेवरील हॅरिस पूल ओलांडताच जे पहिले गाव लागते, ते दापोडी. आज हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत सामावले असले, तरी शिक्षणाच्या अभ्यासकाने तेथे क्षणभर थांबावे असे त्याचे एक वैशिष्ट्य आहे. या गावाच्या शिवेवर १९४८ साली रुडकीहून आलेले सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि गावात राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. ही दोन्ही ठिकाणे एका अर्थाने शाळाच होत. एका ठिकाणी पूल बांधावयास शिकवितात. दुसऱ्या ठिकाणी बसगाड्यांचे सांगाडे उभे राहतात, आणि ते उभे करण्याची विद्या जुना कारागीर नव्याच्या हाती सोपवितो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने या जुन्याच व्यवहाराला विधिवत् रूप दिले. हाताची विद्या कानांनी येत नाही, ती जाणत्याच्या शेजारी उभे राहून, चुकून आणि चूक दाखविली जाऊन येते, हे तत्त्व कार्यशाळेत कोणी सिद्ध करून दाखवीत बसत नाही. ते गृहीतच असते.

याच गावातील प्राथमिक शाळेच्या पहिलीच्या वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेकडे मात्र आपण निराळ्या दृष्टीने पाहतो. लहान मुलास वाचावयास शिकविणे ही एक विद्या आहे, तिला स्वतःचे शास्त्र आणि स्वतःचे कसब आहे, हे तत्त्वतः सर्वांना मान्य असते. पण ती विद्या शिक्षकाला कशी मिळावी याची जी व्यवस्था आपण उभी केली आहे, ती व्याख्यानावर, पुस्तिकेवर आणि अलीकडे पडद्यावरील चित्रफितीवर उभी आहे. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेचा परामर्श घ्यावयाचा आहे. त्यासाठी तीन प्रकारची सामग्री विचारात घेतली आहे : वाड्यामधील मुलांच्या वाचनाचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला दीर्घकालीन अभ्यास, शासनाची २०१५ नंतरची धोरणे व प्रशिक्षणे, आणि कोसबाड, फलटण व कुमठे येथील प्रयोग. शिक्षकांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. किंबहुना, ज्याला शिकविलेच गेले नाही त्याची परीक्षा घेऊन त्यास नापास ठरविणे हा अन्याय मुलांच्या बाबतीत जेवढा खरा, तेवढाच शिक्षकांच्या बाबतीतही खरा आहे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२

प्रथम शिकवावयाची वस्तू कोणती, हे नीट पाहिले पाहिजे. मराठी वाचन शिकविणे सोपे आहे, कारण आपली लिपी उच्चारानुसारी आहे, जसे बोलावे तसे लिहावे, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. हा समज अर्धसत्य आहे. आणि प्रशिक्षणवर्गांत तो बहुधा तपासला जात नाही.

देवनागरीत चौतिसाच्या आसपास व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडीतील बारा रूपे धरली, तर मुलापुढे चारशेंहून अधिक अक्षररूपे उभी राहतात, जोडाक्षरे त्यावेगळी. बारा खुणा एकदा आल्या की त्या कोणत्याही व्यंजनाला लावता येतात हे प्रौढास उघड दिसते, परंतु हा नियम सहा वर्षांच्या मुलास कोणी तरी उलगडून दाखवावा लागतो. ‘कि’ या अक्षरात वेलांटी आधी लिहिली जाते आणि तिचा उच्चार मात्र नंतर होतो. ‘र’ हा वर्ण ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ या चार शब्दांत चार वेषांनी येतो. ‘कमळ’ या शब्दात तीन अक्षरे आहेत, पण शेवटचा ‘ळ’ आपण ‘ळ्’ असा उच्चारतो. ज्या मुलाने अक्षरे सुटी सुटी घोकली आहेत ते ‘क-म-ळ’ असे तीन पूर्ण स्वर ऐकवून थांबते, आणि त्यातून ओळखीचे कमळ काही केल्या उमलत नाही. ‘चहा’तील ‘च’ आणि ‘चाक’ातील ‘च’ एकच लिहिले जातात, पण सारखे बोलले जात नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लेखनात कडक आणि बोलण्यात पुष्कळदा लुप्त असतो.

अंकलिपीने या अडचणीवर आपला जुना उपाय काढला होता. अननस, आई अशा शब्दांनी ती सुरू होई. पण जे वर्ण मराठीत शब्दारंभी येतच नाहीत, त्यांच्यापाशी तिची पंचाईत होई, आणि ‘ण’ला बाणाचे व ‘ळ’ला बाळाचे शेपूट धरावे लागे. वर्णमालेचा क्रम हा उच्चारशास्त्राचा उत्कृष्ट क्रम आहे यात शंका नाही. पाणिनीच्या परंपरेतील ती एक थोर देणगी आहे. परंतु शास्त्राचा क्रम आणि शिकण्याचा क्रम हे दोन वेगळे असू शकतात, हे ज्याला कळले त्याला वाचनाच्या अध्यापनातील पहिला धडा कळला.

यावरून एक साधे उदाहरण घेऊ. पुस्तकात पणतीचे चित्र असून त्याखाली ‘दिवा’ असे छापले आहे. एक मूल ‘दवा’ असे वाचते. दुसरे मूल चित्राकडे पाहून ‘पणती’ असे म्हणते. तिसरे ‘दि’ म्हणते, ‘वा’ म्हणते, पण दोहोंचा मिळून शब्द करू शकत नाही. तिघांनाही परीक्षेत एकच शून्य मिळेल. परंतु पहिल्यास वेलांटीचे काम शिकवावयाचे आहे. दुसऱ्यास अर्थाची उत्तम जाण असून लिपीकडे लक्ष वळवावयाचे आहे. तिसऱ्यास अक्षरे जोडण्याचा तोंडी सराव हवा आहे. या तीन चुका वेगळ्या आहेत हे ज्या शिक्षकास दिसते, तो वाचन शिकवितो. ज्यास दिसत नाही, तो वाचनाची परीक्षा घेतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणाची योग्यता ठरविण्याची कसोटी हीच असली पाहिजे : त्या प्रशिक्षणानंतर शिक्षकास या तीन मुलांतील भेद दिसू लागला काय?

३

ही कसोटी हाती घेऊन आता वाड्याच्या अभ्यासाकडे वळू. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या शैलजा मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा ट्रस्ट्सच्या साह्याने केलेला हा अभ्यास कर्नाटकातील यादगीर आणि महाराष्ट्रातील वाडा या दोन ठिकाणी झाला. अभ्यास सुरू झाला तेव्हा वाडा तालुका ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आला. प्रत्येक ठिकाणी सुमारे ३६० मुलांचा पहिलीपासून तिसरीपर्यंत मागोवा घेण्यात आला. भारतीय भाषांतील आरंभीच्या वाचन-लेखनाविषयी इतक्या चिकाटीने केलेले काम विरळा, हे प्रथमच नमूद करणे न्याय्य होईल.

या अहवालाचे महत्त्व त्याच्या निराशाजनक निष्कर्षात नाही. मुले तिसरी संपली तरी वाचत नाहीत हे ‘असर’च्या अहवालांनी २००५ पासून सांगितलेच आहे. देशातील ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के, २०२२ मध्ये १६.३ टक्के आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के होते. हे आकडे रोगाची तीव्रता सांगतात. रोग कोठे आहे ते सांगत नाहीत. वाड्याच्या अभ्यासाने वर्गात बसून तो शोधला. अभ्यासक्रम असे गृहीत धरतो की पहिलीच्या वर्षात मुलांची अक्षरे व स्वरचिन्हे पुरी होतील. मुलांना प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. दुसरीच्या आरंभी पाठ्यपुस्तक पुढे निघून जाते आणि मूल मागे राहते. पुढे दोघांची भेट होत नाही. लेखन म्हणजे फळ्यावरचे वहीत उतरविणे. आकलन म्हणजे धड्यातील वाक्य शोधून ते प्रश्नाखाली लिहिणे. मुलाची घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांतील अंतर शिक्षकास जाणवते, पण त्याचे काय करावे हे त्यास कोणी सांगितलेले नसते.

अशा वर्गात घटकाभर बसणाऱ्यास एक विचित्र देखावा दिसतो. मुलाच्या वहीत मोत्यासारखे अक्षर असते. पान भरलेले असते. आणि त्याच पानावरील एक ओळ वाचावयास सांगितली तर मूल मुके होते. शिक्षिका निष्क्रिय नसते. ती दिवसभर राबत असते. श्रम आहेत, शिस्त आहे, वही आहे. फक्त वाचन नाही. हे दृश्य ज्याने एकदा पाहिले त्याला शिक्षकांच्या आळसाचे स्पष्टीकरण पुरेसे वाटणार नाही.

तथापि या अभ्यासाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा क्षेत्राची. वाडा हा आदिवासी तालुका आहे. तेथील वर्गात वारली किंवा कातकरी बोली आणि प्रमाण मराठी असा द्वंद्वाचा प्रश्न मुख्यतः असतो. दापोडीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यातील वर्ग निराळा आहे. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्यानंतर या भागात पोट भरण्यासाठी आलेल्या माणसांचा ओघ थांबलेला नाही. येथील एकाच बाकावर मराठवाड्याची बोली, बंजारा समाजाची गोरबोली, हिंदी आणि कन्नड शेजारी शेजारी बसू शकतात. आणि वर्षाच्या मध्यावर बापाचे काम बदलले की त्यांतील एखादे मूल नाहीसे होते, दुसरे नवे येते. ज्या वर्गातील मुलेच स्थिर नाहीत, त्या वर्गासाठी तीन वर्षांच्या क्रमबद्ध अभ्यासाचे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येणार नाहीत. ‘असर’ची नियमित पाहणी ग्रामीण भागाची असल्याने ही मुले त्या आकड्यांतही नसतात.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे, आणि ती या एका अहवालाची नसून आपल्या सबंध विद्वत्-व्यवहाराची आहे. मराठी मुलांच्या मराठी वाचनाविषयीचा हा महत्त्वाचा अहवाल मूळ इंग्रजीत लिहिला गेला. ज्या शिक्षिकेच्या वर्गात संशोधक बसले, तिच्या कामाच्या भाषेत ते ज्ञान सर्वांत शेवटी पोहोचते, आणि तेही प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतील चार मुद्द्यांच्या स्वरूपात. मराठी विद्यापीठीय विभागांनी हा दोष आपल्या पदरी घेतला पाहिजे. वाचनशिक्षणाचे मराठीतील शास्त्रीय वाङ्मय जर आम्ही निर्माण केले नाही, तर शिक्षकांनी वाचावे तरी काय?

४

आता शासकीय प्रशिक्षणांचा विचार करू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने आणि शाळाप्रमुखाने वर्षाला किमान ५० तासांचे व्यावसायिक शिक्षण घ्यावे अशी अपेक्षा व्यक्त केली. २०२१ साली निपुण भारत अभियान सुरू झाले आणि २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलास वाचन व अंकज्ञान यावे असे उद्दिष्ट ठरले. त्याच वर्षी ‘निष्ठा’ प्रशिक्षणाचा तिसरा टप्पा निघाला. त्यात पायाभूत साक्षरतेविषयीचे १२ पाठ्यक्रम दीक्षा या व्यासपीठावरून देण्यात आले.

या प्रयत्नाचे एक श्रेय मान्य केले पाहिजे. पहिली ते तिसरीच्या शिक्षकांचे काम हे शाळेतील सर्वांत हलके काम नसून सर्वांत अवघड काम आहे, ही गोष्ट शासनाने प्रथमच इतक्या स्पष्टपणे उच्चारली. आजवर शाळाशाळांतून अनुभवी शिक्षक सातवीला आणि नवखा पहिलीला असा जो रिवाज होता, त्याला यामुळे निदान विचाराच्या पातळीवर धक्का बसला.

परंतु आपली कसोटी लावून पाहिली तर चित्र वेगळे दिसते. बारा पाठ्यक्रम पुरे करणारा शिक्षक चित्रफीत पाहतो, मजकूर वाचतो, प्रश्नावली सोडवितो आणि प्रमाणपत्र मिळवितो. ‘दवा’ म्हणणारे मूल आणि ‘पणती’ म्हणणारे मूल या सबंध व्यवहारात कोठेच त्याच्यासमोर येत नाही. प्रत्यक्ष भरणाऱ्या वर्गांचीही तीच गत. राज्यस्तरावरील तज्ज्ञ जिल्ह्याच्या सुलभकांना सांगतात, ते तालुक्याच्या सुलभकांना, ते केंद्रातील शिक्षकांना. उसाचा रस चौथ्यांदा गाळावा तसे प्रत्येक पायरीवर त्यातील काही तरी मागे राहते. आणि विशेष हे की मागे राहते ते नेमके उदाहरण, शेवटपर्यंत पोहोचते ती केवळ परिभाषा. परिणामी ‘ज्ञानरचनावाद’, ‘ध्वनिजाणीव’, ‘अध्ययन निष्पत्ती’ हे शब्द शिक्षकांच्या तोंडी बसतात, आणि वर्गातील फळा पूर्वीप्रमाणेच गिरविला जातो.

प्रशिक्षणाचा संबंध वेतनाशी जोडला गेल्यानेही एक विकृती आली आहे. बारा वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवड श्रेणी मिळण्यासाठी प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र लागते. शिक्षकास न्याय्य वेतनवाढ मिळावी यात दुमत नाही. पण ज्या विद्येची गरज पहिल्या वर्षी असते, ती बाराव्या वर्षी पगाराची अट म्हणून भेटावी, यात शिक्षणाची प्रतिष्ठा राहत नाही. प्रशिक्षण मग शिकण्याचा प्रसंग न होता उरकण्याचा प्रसंग होतो.

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९८० साली सेवांतर्गत प्रशिक्षणाचे जे विश्लेषण मांडले, त्याचा मथितार्थ येथे उपयोगी आहे. तत्त्व सांगणे, करून दाखविणे, करवून घेणे, त्यावर अभिप्राय देणे आणि नंतर प्रत्यक्ष वर्गात सोबत करणे अशा पायऱ्या त्यांनी मानल्या. आपली व्यवस्था पहिल्या पायरीवर जवळजवळ सर्व वेळ घालविते आणि शेवटच्या पायरीपाशी तिचे मनुष्यबळ व धैर्य दोन्ही संपते. दापोडीच्या कार्यशाळेतील शिकाऊ उमेदवारास हे विश्लेषण ऐकविले, तर यात नवीन ते काय, असे तो विचारील.

५

याहून वेगळे काही महाराष्ट्रात घडलेच नाही असे नाही. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे शाळा मुलांच्या मागे कुरणात गेली. ज्या स्त्रिया शिकविण्यासाठी तयार झाल्या, त्या या दोघींचे काम पाहत, त्यात हात घालीत तयार झाल्या. फलटणला मॅक्सीन बर्नसन या भाषाशास्त्रज्ञ विदुषीने प्रथम शाळेबाहेरच्या मुलांना शिकविता शिकविता वाचनाचा प्रश्न हाती घेतला. वर्णमालेचा संपूर्ण क्रम आधी पुरा करण्याऐवजी थोडे वर्ण आणि थोडी स्वरचिन्हे यांचा गट घ्यावा, त्यांतून अर्थपूर्ण शब्द आणि वाक्ये लगेच वाचावयास द्यावीत, मग दुसरा गट घ्यावा, असा विचार त्यांच्या पद्धतीच्या मुळाशी आहे. मूल पहिल्या काही आठवड्यांतच ‘वाचते’, आणि आपण वाचतो हे त्यास कळते. भाषाशास्त्राची पदवी आणि पहिलीचा वर्ग या दोहोंमध्ये त्यांनी भिंत मानली नाही, हे त्यांच्या कार्याचे मर्म. वाड्यातील सोनाळे येथे नीलेश निमकर यांच्या पुढाकाराने २००७ पासून चाललेले ‘क्वेस्ट’चे काम याच जातीचे आहे.

तिसरे उदाहरण शासनव्यवस्थेच्या आतले आहे, म्हणून ते अधिक बोलके. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे या विस्तार अधिकाऱ्यांनी आपल्या बीटमधील जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांबरोबर काम केले. विस्तार अधिकारी हा सामान्यतः तपासणीस येणारा. येथे तो शिकविण्यास उभा राहिला. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासननिर्णयानंतर तर राज्यभरातील शिक्षकांची रीघ कुमठ्याकडे लागली. वरून लादलेल्या सरसकट प्रशिक्षणापेक्षा शिक्षकांनी एकमेकांच्या शाळा पाहून शिकावे, यावर त्या धोरणाचा भर होता, आणि तो भर तत्त्वतः अगदी योग्य होता.

येथेच चिकित्सकाने सावध झाले पाहिजे. कुमठे पाहून परतलेल्या शिक्षकांबरोबर काय परतले? पुष्कळ ठिकाणी फरशीवरील रंगीत आखणी परतली. खडे, काड्या, मणी, शब्दपट्ट्या परतल्या. मुलांच्या उत्तरामागील विचार ऐकण्याची सवय मात्र तितक्या सहजपणे परतली नाही. कारण ती एका दिवसाच्या भेटीत डोळ्यांना दिसत नाही. रंगविलेली फरशी छायाचित्रात दिसते, शिक्षकाचे ऐकणे दिसत नाही. त्यातच शाळा ‘प्रगत’ घोषित करण्याची चढाओढ सुरू झाली. ज्या क्षणी शंभर टक्के मुले प्रगत झाल्याचे कळविणे हे शाळेच्या प्रतिष्ठेचे लक्षण झाले, त्या क्षणी ‘माझ्या वर्गातील सहा मुलांना वाचता येत नाही, मला मदत हवी’ असे म्हणणे शिक्षकास अवघड झाले. आणि ते वाक्य हीच सर्व व्यावसायिक शिक्षणाची सुरुवात असते.

कोसबाड, फलटण आणि कुमठे यांच्यातील समान धागा मग कोणता? पद्धती तर तिन्ही ठिकाणी भिन्न. समान आहे ते हे की, तिन्ही ठिकाणी शिक्षकांना शिकविणारी व्यक्ती स्वतः मुलांना शिकवीत होती, आणि ती निघून न जाता तेथेच राहिली. पद्धत उचलता येते. हे राहणे उचलता येत नाही. आपली प्रशिक्षणे फसतात ती याच ठिकाणी.

६

शाळाप्रमुखाचा प्रश्न येथे उपस्थित होतो. शिक्षकाच्या शेजारी वर्षभर उभा राहू शकेल असा मनुष्य शाळेत एकच असतो, आणि तो मुख्याध्यापक. शाळांच्या समूहात तो केंद्रप्रमुख. महाराष्ट्राने १९९४ साली केंद्रशाळांची जी रचना केली, तिच्यामागे हीच कल्पना होती : काही शाळांसाठी एक अनुभवी शिक्षक असावा, त्याने वर्गांत जावे, शिक्षकांना एकत्र बसवावे. ही कल्पना आजही उत्तम आहे. पण केंद्रप्रमुख हळूहळू माहिती गोळा करणारा आणि पुढे पाठविणारा झाला. मुख्याध्यापकाचेही तसेच झाले आहे. पोषण आहाराचा हिशेब, संकेतस्थळांवर भरावयाची माहिती, आधार क्रमांकांची जुळणी, इमारतीची दुरुस्ती यांत त्याचा दिवस जातो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत दीडशेंहून अधिक मुले असल्याखेरीज स्वतंत्र मुख्याध्यापक मिळत नाही. लहान शाळेत एक शिक्षकच वर्ग सांभाळून ते काम पाहतो. त्याच कायद्याने जनगणना, आपत्ती आणि निवडणुकीच्या कामांसाठी शिक्षकांना नेण्याची मुभा ठेवली आहे.

दापोडीसारख्या दाट वस्तीच्या भागातील पालिका-शाळांची अडचण निराळी. तेथे पटसंख्या मोठी, मुख्याध्यापकाचे पद असते. पण मुख्याध्यापकपदावर येणारी व्यक्ती बहुधा सेवाज्येष्ठतेने येते, आणि तिने शेवटचा पहिलीचा वर्ग कधी घेतला होता हा प्रश्न कोणी विचारीत नाही. नेतृत्वाची म्हणून जी प्रशिक्षणे होतात, त्यांत नियोजन, संघभावना, वेळेचे व्यवस्थापन हे विषय असतात. त्यांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु पहिलीच्या शिक्षिकेस ‘हे मूल चित्र पाहून बोलत आहे, तेव्हा आता चित्र झाकून पाहा’ एवढे एक वाक्य सांगण्याची क्षमता ज्या मुख्याध्यापकात नाही, त्याचे संघनेतृत्व शिक्षिकेच्या कोणत्या उपयोगाचे? कार्यशाळेतील मुकादमास यंत्र चालविता येत नसेल तर कामगार त्याचे ऐकत नाहीत. शिक्षक सभ्य असल्याने ऐकल्यासारखे करतात, एवढाच काय तो फरक.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, हे सर्व आदर्शवादी आहे. प्रत्येक शाळेला अनुताई वाघ कोठून आणावयाच्या? आक्षेप रास्त आहे. पण येथे असाधारण माणसांची मागणी नाही. मुख्याध्यापकाने आठवड्यातून एक तास पहिली-दुसरीच्या वर्गात स्वतः वाचन शिकवावे. महिन्यातून एकदा शिक्षकांनी आपल्या वर्गातील तीन मुलांच्या वाचनातील चुका लिहून आणाव्यात आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकांऐवजी त्या चुकांवर बोलावे. आणि ती चर्चा चालविणाऱ्याने पुढच्या महिन्यात त्याच मुलांना भेटावे. यासाठी नवे पद लागत नाही, नवी इमारत लागत नाही. लागते ती एकच गोष्ट : मुख्याध्यापकाच्या आणि केंद्रप्रमुखाच्या अंगावरून कागदाचे ओझे उतरविण्याचा प्रशासकीय निश्चय. तो निश्चय झाल्याखेरीज वर्षाला ५० तासांची अपेक्षा म्हणजे थकलेल्या बैलावर आणखी एक गोणी होय.

७

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षकांचा प्रश्न त्यांनी अग्रभागी ठेवला होता. शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पुरेसा पगार असावा, आणि ते शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, मुलांच्या आईबापांत मिसळणारे, नांगर वा सुताराची हत्यारे हाती धरण्यास संकोच न करणारे असावेत, असा त्यांचा आग्रह होता. या आग्रहाचा सामाजिक अर्थ सर्वज्ञात आहे. त्याचा अध्यापनशास्त्रीय अर्थ तितकाच खोल आहे, आणि त्याकडे आपले लक्ष कमी गेले आहे. ज्याला मुलाच्या घरची भाषा ऐकू येते, त्यालाच मुलाची चूक समजते. आणि ज्याला हाताच्या कामाचा आदर आहे, तोच शिकविण्याकडे एक कसब म्हणून पाहतो.

मराठवाड्यातून आलेले मूल ‘माझं’ या ठिकाणी ‘मव्हं’ म्हणते. पुस्तकात ‘माझे’ छापलेले असते. मूल ‘मव्हं’ असे वाचते, तेव्हा त्याने चूक केली की अर्थ अचूक पकडला? प्रशिक्षित कान म्हणेल, दोन्ही. आणि आधी अर्थाबद्दल शाबासकी देऊन मग अक्षरांकडे बोट नेईल. अप्रशिक्षित कान म्हणेल, चूक. आणि मूल पुढच्या वेळी गप्प बसेल. दोन्ही शिक्षकांपाशी प्रमाणपत्र असू शकते. त्या एका क्षणावर एका मुलाचे वाचन अवलंबून असते, आणि या पट्ट्यातील वर्गांत असे क्षण रोज येतात.

वाड्याच्या अभ्यासाने रोगाचे स्थान दाखविले. शासनाच्या धोरणाने उपचाराची तातडी मान्य केली. कोसबाड, फलटण व कुमठे यांनी उपचार शक्य आहे हे सिद्ध केले. या तिन्हींचा योग जुळून येत नाही, कारण शिक्षकाला शिकविणे म्हणजे त्याला काही सांगणे, ही समजूत आपण सोडलेली नाही. विद्यापीठांच्या विभागांनीही आपल्या वाट्याचे काम ओळखावयास हवे. मराठी मुले वाचताना कोणत्या चुका करतात, बोलीनुसार त्या कशा बदलतात, कोणते वर्णगट कोणत्या भागात सुलभ ठरतात, याचे साधार संकलन मराठीत करणे हे आमचे काम आहे. ते शिक्षकांनी करावे अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे आपले ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे होय. ते संकलन करावयाचे तर वर्गात जाऊन बसावे लागेल. हॅरिस पुलापलीकडे पहिलीचा वर्ग भरलेला आहे. तेथे जाण्यास पुण्यातील विद्यापीठाच्या अभ्यासकास फार दूर जावे लागत नाही.